मंदीतला सरकारी पैसा कोणाच्या ओट्यावर अडतो? अमेरिकेच्या 'न्यू डील'चा धडा

मंदी आली की आपल्याकडे दोन आवाज हमखास ऐकू येतात. पहिला आवाज म्हणतो, सरकारने पैसा वाटून काही होत नाही, लोक आळशी होतात, बाजाराला त्याचे काम करू द्या. दुसरा म्हणतो, सरकारने एवढ्या लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले आहे, आता सगळ्यांचे भले होणार, टाळ्या वाजवा. आम्हाला हे दोन्ही आवाज एकाच माजघरातून येतात असे वाटते. कारण दोघेही एक प्रश्न टाळतात. मंदीचा घाव ज्यांच्यावर सर्वात खोल बसला, त्यांच्यापर्यंत तो पैसा पोहोचतो का? आणि पोहोचत नसेल, तर वाटेत कोण उभे असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला इतिहासात सर्वात मोठी प्रयोगशाळा सापडते ती १९३० च्या दशकातल्या अमेरिकेची. तिथे सरकारी खर्च झाला, भरपूर झाला, त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि अर्थतज्ज्ञांनी त्याचा राज्याराज्यांचा हिशोब मांडला आहे. शिवाय तिथेही एक समाज असा होता की ज्याच्यावर जन्मानेच शिक्का मारलेला होता. म्हणून हा इतिहास आपल्या चळवळीच्या तरुणांनी वाचला पाहिजे.

घाव कुठे बसला होता?

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेतला दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. पण मंदी सगळ्यांवर सारखी कोसळली नाही. कृष्णवर्णीय कामगारांची अवस्था 'सर्वात शेवटी कामावर, सर्वात आधी कामाबाहेर' अशी होती. मंदीत तर झाडूकाम, घरकाम, हमाली ही 'त्यांची' म्हणून सोडलेली कामेही गोऱ्या बेकारांनी घ्यायला सुरुवात केली. जात असो की वर्ण, घाण काम तोपर्यंतच 'तुमचे' असते जोपर्यंत वरच्याला त्याची गरज पडत नाही.

त्या काळी कृष्णवर्णीयांपैकी सुमारे चार पंचमांश लोक दक्षिणेकडच्या राज्यांत राहत होते. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, आर्कान्सा हा कापसाचा पट्टा. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. कालचे गुलाम आज त्याच जमिनीवर बटईने राबू लागले. बियाणे, अवजार, खायचे धान्य मळेवाल्याच्या दुकानातून उधार घ्यायचे आणि हंगाम संपला की हिशोबाची वहीही त्यानेच लिहायची. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या मजुराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९२९ मध्ये कापसाला पौंडामागे सुमारे १७ सेंट मिळत होते. १९३१-३२ मध्ये तो भाव सहा सेंटच्या आसपास आला. ज्याच्याकडे मुळातच काही नव्हते, त्याच्यावर हे आभाळ कोसळले.

१९३८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दक्षिणेला देशाची पहिल्या क्रमांकाची आर्थिक समस्या म्हटले. म्हणजे सर्वात जास्त मार कुठे आहे हे सरकारला माहीत नव्हते असे म्हणायला जागा नाही.

पैसा कुठे गेला?

४ मार्च १९३३ ला रूझवेल्ट सत्तेवर आले आणि 'न्यू डील' सुरू झाली. बेकारांना मदत, रस्ते, शाळा, धरणे, शेतकऱ्यांना अनुदान, घरकर्जाची फेररचना अशा डझनावारी योजना आल्या. १९३३-३४ च्या एका हिवाळ्यात सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशनने ४० लाखांहून अधिक लोकांना कामावर घेतले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे डब्ल्यूपीएने, आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. हे थोडे नाही. ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्यांच्या चुली यातून पेटल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

पण राज्यवार हिशोब बघा. १९६९ मध्ये इतिहासकार लिओनार्ड अॅरिंग्टन यांनी आणि नंतर डॉन रीडिंग यांनी दरडोई खर्चाची आकडेवारी तपासली. सर्वात जास्त दरडोई पैसा मिळाला पश्चिमेकडच्या राज्यांना, त्यात नेवाडासारखी तुरळक वस्तीची राज्ये वर. आणि सर्वात कमी मिळाला दक्षिणेला. सरकार स्वतः ज्या प्रदेशाला सर्वात गरीब म्हणत होते, त्याच प्रदेशाच्या माणसाच्या वाट्याला सर्वात कमी आले.

असे का झाले? याची काही कारणे तांत्रिक आहेत. पश्चिमेत केंद्र सरकारची स्वतःची जमीन अफाट होती, तिथे धरणे आणि रस्ते काढणे सोपे होते. बऱ्याच योजनांत राज्यांनीही आपला हिस्सा घालावा अशी अपेक्षा होती, आणि गरीब राज्याकडे हिस्सा घालायला पैसा कुठून येणार? ही अट कागदावर समान असते, पण तिचा परिणाम विषम असतो. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळते.

दुसरे कारण राजकीय आहे. १९७४ मध्ये अर्थतज्ज्ञ गॅव्हिन राइट यांनी दाखवले की जिथे निवडणूक चुरशीची होती, जिथे मते इकडची तिकडे होण्याची शक्यता होती, तिकडे पैसा जास्त वाहिला. दक्षिण तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या खिशातच होती. आणि तिथल्या कृष्णवर्णीयाला पोल टॅक्स, साक्षरतेच्या परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर मतदानापासून दूर ठेवलेले होते. ज्याला मत नाही, त्याची भूक सरकारच्या हिशोबात येत नाही. मताधिकाराच्या व्यापकतेसाठी बाबासाहेब साउथबरो समितीसमोर आणि सायमन कमिशनसमोर का भांडले, ते इथे कळते. मत ही नुसती मानाची गोष्ट नाही. बजेटमधला रस्ता कोणत्या वस्तीकडे वळेल हे मत ठरवते.

ओट्यावर बसलेला मळेवाला

राज्यापर्यंत पैसा पोहोचला म्हणजे माणसापर्यंत पोहोचला असे होत नाही. यासाठी शेतीची योजना बघू.

मे १९३३ च्या ॲग्रिकल्चरल ॲडजस्टमेंट कायद्याचा हेतू असा होता की पीक कमी काढा, भाव वाढेल, आणि जमीन पडीक ठेवल्याबद्दल सरकार पैसे देईल. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला गेला. पैसे कोणाला मिळाले? करार जमीनमालकाशी झाला. कसणाऱ्याला वाटा द्यावा असे नियमात होते, पण वाटणारा मालकच. अनेकांनी तो वाटा जुन्या उधारीत वळता करून घेतला. पुढे तर मालकांच्या लक्षात आले की जमीन पडीक ठेवायची असेल तर तिच्यावरचे कूळ कशाला हवे? हजारो बटईदार कुटुंबे झोपड्यांतून बाहेर काढली गेली. त्यात गोरे गरीबही होते, पण कृष्णवर्णीय सर्वात आधी. सरकारी मदतीनेच माणसे बेघर झाली. मळेवाल्यांनी त्याच पैशातून पुढे ट्रॅक्टर घेतले.

याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरॉन्झा गावी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन झाली. गोरे आणि काळे बटईदार एका संघटनेत बसले. त्या काळच्या दक्षिणेत ही गोष्ट केवढी धाडसाची होती याची कल्पना करा. त्यांच्या सभांवर हल्ले झाले, कार्यकर्त्यांना मारहाण झाली. पण कसणाऱ्याचा वाटा हा प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत गेला तो या लोकांमुळे.

आता अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष या इतिहासाशी जोडून वाचा. प्राइस फिशबॅक, विल्यम होरेस आणि शॉन कँटर यांनी २००५ मध्ये जिल्हावार आकडे तपासले. त्यांना आढळले की सार्वजनिक कामे आणि मदतीवर खर्च झालेल्या दर जादा डॉलरमागे स्थानिक किरकोळ विक्री सुमारे ४४ सेंटने वाढली. पण जमीन पडीक ठेवण्यासाठी शेतमालकांना दिलेल्या पैशाचा परिणाम उलट, थोडा नकारात्मकच निघाला. याचा अर्थ सरळ आहे. मजुराच्या हातात मजुरी पडली की ती त्याच आठवड्यात गावच्या दुकानात जाते, दुकानदार माल मागवतो, पैसा फिरतो. मालकाच्या हातात अनुदान पडले आणि त्याने मजूर काढून टाकला, तर गावातली खरेदीच आटते. 'सरकारी खर्चाने काही होत नाही' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि 'पॅकेज आले म्हणजे भले झाले' म्हणणाऱ्यांनाही. खर्च चालतो. पण कोणाच्या हातात पडतो यावर सगळे अवलंबून आहे.

कामावरची उतरंड

रोजगाराच्या कामांतही उतरंड होतीच. डब्ल्यूपीएची मासिक मजुरी प्रदेशाप्रमाणे आणि कौशल्याप्रमाणे ठरायची. दक्षिणेतल्या ग्रामीण अकुशल मजुराला महिन्याला १९ डॉलर, तर मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञाला ९४ डॉलरपर्यंत. 'तिथले राहणीमानच स्वस्त' हे त्याचे समर्थन. खरी भीती वेगळी होती. सरकारने चांगली मजुरी दिली तर मळ्यावर पडेल त्या दामात कोण राबेल? म्हणून दक्षिणेत कापूस वेचणीच्या हंगामात सरकारी कामावरून मजुरांची नावे कमी केली जात. भुकेच्या धाकाने त्यांना मळ्यावर ढकलले जाई.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही ओळखीचे वाटत असेल. १९७२-७३ च्या दुष्काळात आपल्या राज्यात सरकारी कामांवर सुमारे ५० लाखांपर्यंत मजूर होते. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तेव्हापासून 'रोहयोमुळे शेतीला मजूर मिळत नाही' ही बागायतदारांची तक्रार आजवर थांबलेली नाही. मिसिसिपीचा मळेवाला आणि आपला बागायतदार यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, पण बोलतात एकच भाषा. आणि रोहयोतून झालेल्या पाझर तलावाचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले, हेही विचारायला हवे. खडी फोडली भूमिहीनाने, पाणी लागले जमीनवाल्याला. मजुरी मिळाली हे खरेच, पण काम संपल्यावर उरलेली मालमत्ता कोणाची झाली?

कायमचे हक्क देताना तर सरळ दार बंद केले गेले. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात म्हातारपणाचे पेन्शन आणि बेकारी विमा आला, पण शेतमजूर आणि घरकामगार वगळले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातूनही तेच दोन वर्ग बाहेर. कायद्यात कुठेही 'काळा' हा शब्द नाही. पण कृष्णवर्णीय कामगारांपैकी सुमारे ६५ टक्के लोक याच दोन कामांत होते. सोशल सिक्युरिटीचे विधेयक ज्या समित्यांतून गेले, त्यांचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायनाचे डाउटन आणि मिसिसिपीचे हॅरिसन हे होते. विधेयक पास व्हायचे तर दक्षिणेच्या या पुढाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागे. जातीचे नाव न घेता जात कशी चालवायची, ही कला फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये.

घरकर्जाचेही तेच. १९३३ च्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग दिला. १९३४ च्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननेही अशा वस्त्यांतल्या कर्जाला हमी नाकारली. गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीवर घर घेतले, ते घर पुढच्या पिढीची पुंजी झाले. लाल रेघेच्या आतल्यांकडे भाड्याच्या पावत्या उरल्या. मंदी दहा वर्षांत संपली, त्या रेघेचा परिणाम अजून संपलेला नाही.

जिथे अट घातली तिथे काय झाले?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग हे सगळे व्यर्थच होते. आम्ही असे म्हणत नाही. याच इतिहासात उलटी उदाहरणेही आहेत, आणि चळवळीसाठी तीच जास्त महत्त्वाची.

पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशनचे प्रमुख हॅरॉल्ड इक्स यांच्या खात्यात रॉबर्ट वीव्हर नावाचे तरुण कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ होते. सरकारी घरबांधणीच्या कंत्राटात नुसते 'भेदभाव करू नये' असे लिहून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून कंत्राटातच अट आली. त्या शहरात १९३० च्या जनगणनेनुसार कृष्णवर्णीय कुशल कारागिरांचे जे प्रमाण आहे, त्याला धरून मजुरीच्या एकूण रकमेतला ठरावीक हिस्सा त्यांच्या हातात पडला पाहिजे. पडला नाही तर भेदभाव झाला असे प्रथमदर्शनी मानले जाईल, आणि नाही हे ठेकेदाराने सिद्ध करायचे. सिद्ध करण्याचे ओझे पीडितावरून उचलून ठेकेदारावर टाकले. ही अट होती म्हणून गवंडी आणि सुतार कामावर दिसले. हेच वीव्हर १९६६ मध्ये अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री झाले.

दुसरे उदाहरण १९४१ चे. युद्धाच्या तयारीसाठी सरकारी पैशाचा पूर आला, कारखाने धडधडू लागले, पण दारावर 'फक्त गोऱ्यांसाठी'. रेल्वेच्या पोर्टर कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी जाहीर केले की १ जुलैला वॉशिंग्टनवर मोर्चा येईल. रूझवेल्ट यांनी २५ जूनला कार्यकारी आदेश ८८०२ काढला आणि संरक्षण उद्योगांत भेदभावाला बंदी घातली. मोर्चा निघण्याआधीच काम झाले. पैसा तोच, सरकार तेच, राष्ट्राध्यक्षही तेच. फरक पडला तो संघटनेने.

आणि ही परंपरा आपल्याशी थेट जोडलेली आहे. न्यू डीलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वाट्याला काय आले याची तपासणी करण्यासाठी मे १९३५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात एक परिषद झाली. तिच्यातून पुढच्या वर्षी नॅशनल निग्रो काँग्रेस उभी राहिली, रँडॉल्फ तिचे पहिले अध्यक्ष. याच संघटनेने १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिले. आणि त्या निवेदनाची प्रत मिळावी म्हणून त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. सातासमुद्रापलीकडच्या शोषितांचा लढा बाबासाहेब किती बारकाईने पाहत होते, ते यातून दिसते.

न्यू डीलमधले कामाचे ते घ्यायलाही त्यांनी संकोच केला नाही. टेनेसी व्हॅली ॲथॉरिटी ही १९३३ ची नदीखोरे योजना. धरण, वीज, पूरनियंत्रण, जलवाहतूक सगळे एका प्राधिकरणाखाली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी हाच नमुना समोर होता. टेनेसी खोऱ्याचे अभियंते व्हूर्डविन यांना त्यासाठी आणले गेले, आणि ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही योजना मांडली. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन कायद्याने उभे राहिले. राज्यसंस्थेने गुंतवणूक करावी, उद्योग उभारावेत, ही त्यांची भूमिका 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही आहे. पण त्याच पुस्तिकेत ही भूमिका संविधानात कायद्याने बांधून टाकण्याचा आग्रह आहे. आज आलेले सरकार देईल आणि उद्याचे काढून घेईल, अशी दया त्यांना नको होती.

टेनेसी खोऱ्यातही सगळे निर्मळ नव्हते. कामगारांसाठी वसवलेल्या नॉरिस या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर नव्हते. दामोदरच्या धरणांत तर पुढे आदिवासींची गावे बुडाली. योजना चांगली असणे पुरेसे नसते, तिच्या आत आपला माणूस कुठे उभा आहे हे दर वेळी तपासावे लागते.

२००९ चा छोटा पुरावा

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००८ च्या मंदीनंतर १७ फेब्रुवारी २००९ ला ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. साउथ कॅरोलायना राज्यात बेकारी ११ टक्क्यांच्या वर असताना तिथल्या गव्हर्नरांनी शाळांसाठी आलेले सुमारे ७० कोटी डॉलर घ्यायला नकार दिला. विद्यार्थी कोर्टात गेले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये पैसे घ्यायला लावले. त्याच राज्याचे कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी त्या कायद्यातल्या ग्रामीण विकासाच्या काही योजनांत १०-२०-३० चे सूत्र घालून घेतले. ज्या काउंटीत ३० वर्षे सलग २० टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यात आहेत, तिथे किमान १० टक्के निधी गेलाच पाहिजे. या सूत्रात वर्णाचा उल्लेख नाही, पण पिढ्यान्पिढ्या वगळल्या गेलेल्या वस्तीचा पत्ता त्यात बरोबर लिहिलेला आहे.

आपण काय घ्यायचे?

आपल्याकडे १९७९ मध्ये विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी हा तिचा गाभा. तो निधी खर्च न होणे, दुसरीकडे वळवणे, सर्वसाधारण रस्त्याचा खर्च 'अनुसूचित जातींचा' म्हणून दाखवणे, हे प्रकार कार्यकर्त्यांना नवे नाहीत. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये यासाठी कायदा केला, तो चळवळीच्या रेट्यामुळे.

म्हणून पुढचे पॅकेज जाहीर होईल तेव्हा एकूण आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, आणि 'सब ढोंग आहे' म्हणून घरीही बसू नका. दरडोई किती आणि कोणत्या तालुक्यात, ते विचारा. पैसा मजुराच्या खात्यावर जातो की मालकाच्या, ते विचारा. वाटणाऱ्या समितीवर आपले कोण आहे, काम संपल्यावर विहीर, रस्ता, घर कोणाच्या नावावर उरते, आणि वाटा नाही मिळाला तर जबाब कोणी द्यायचा, हेही विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ग्रामसभेत मस्टर वाचायला लावा, आपल्या वस्तीचा स्वतःचा हिशोब ठेवा.

मिसिसिपीच्या बटईदाराकडे मत नव्हते, म्हणून त्याला मळेवाल्याच्या ओट्याखाली उभे राहावे लागले. आपल्याला मत आहे, संविधान आहे. बाबासाहेबांनी ते मिळवून दिले. त्याचा उपयोग पाच वर्षांतून एकदाच करायचा की दर बजेटला, हे आता आपल्यावर आहे.

जय भीम!